गंधकाच्या खोलीतली पाटी

मार्गशीर्ष शु. ३

पहाटेच्या छोट्या गाडीनं दोन डबे आले. एकात गंधकाची भुकटी, दुसऱ्यात शोरा, दारूला जोर देणारा पांढरा खार. गंधक ज्वारीच्या बियाण्याला काणीचा रोग पडू नये म्हणून चोळायला, आणि थोडा तेरखेड्याच्या शोभेच्या दारूवाल्यांना. शोरा सगळा त्यांचाच. थंडी अशी की गोदामाच्या कडीला हात लावला की हात आपला राहत नव्हता.

सरहद्दीच्या नाक्यावर जकातवाल्यानं धुक्यात चार पोती फोडून आत कोपरापर्यंत हात घातलेला. काय सापडायचं होतं त्याला, कुणास ठाऊक. पोती पुन्हा शिवली नाहीत, नुसती दुमडली. इथवर धुकं पीत आली.

मालक गुरुलिंगप्पा, आमचे अप्पा, म्हणाले, "शास्त्रीबुवा, तक्रार लिहा नाक्याला, पण गोड लिहा." माझं काम तेच. तीस मैलांतल्या प्रत्येक कचेरीला गोड लिहिणं. घराण्याचं काम तुळजापुरात देवीपुढं पाठ म्हणण्याचं. ते धाकट्या भावाकडं गेलं, कारण आवाज त्याचा. माझ्या वाट्याला अक्षर आलं.

नव्या परवान्यावर 'देखरेख' म्हणून अप्पांनी माझं नाव घातलंय. लढाई संपली, परवाने काही संपले नाहीत. नाव वाचून बरं वाटलं, हे इथं कबूल करायला हरकत नाही.

मार्गशीर्ष शु. ५

दोन दिवस डब्यातच राहिलेली थंडगार पोती आज ऊबदार खोलीत आणून हमालांनी लगेच फोडली. पोत्यांना माणसासारखा घाम फुटला. दुपारपर्यंत शोऱ्याचे गड्डे. सिद्राम त्यातला एक हातात तोलत म्हणाला, "ह्येनं तर वरवंट्याचं काम व्हईल, शास्त्रीबुवा. चटणी वाटा." सिद्राम हमालांचा मुकादम. पन्नाशीचा, गळ्यात लिंग, दोन पोती पाठीवर घेऊन कानडीत गुणगुणत चालतो.

मालाबरोबर मुंबईच्या कंपनीचं एक इंग्रजी पत्रक आलंय. ते घेऊन स्टेशन मास्तरांकडं गेलो. त्यांनी चहा पीत पीत मराठीत सांगितलं, मी टिपून घेतलं. थंडीत आलेलं पोतं दिवसभर बंदच ठेवायचं, खोलीइतकी ऊब त्याला येऊ द्यायची, मग तोंड सोडायचं. पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब. गंधक आणि शोरा एका खोलीत कधीच नाही. गड्डे फोडायचे ते लाकडी मोगरीनं, लोखंडाची ठिणगी पुरेशी असते. सांडलेली भुकटी रोजच्या रोज उचलायची, उडू द्यायची नाही. आणि आत दिवा, विडी, शेगडी, काहीही पेटतं नको.

मास्तर म्हणाले, "हे तेवढं हमालांना नीट सांगा."

सांगतो म्हटलं.

मार्गशीर्ष शु. ८

सांगायचं म्हणजे कसं? तोंडी सांगितलेलं संध्याकाळपर्यंत टिकत नाही. लिहिलं पाहिजे. आणि लिहायचंच तर जकातीच्या अर्जासारखं कशाला. काल बसलो आणि अनुष्टुभात आठ श्लोक झाले. काशीच्या गुरुजींनी ऐकले असते तर एकदा तरी 'ठीक' म्हणाले असते. त्यातला हा अर्धा मला विशेष आवडला:

न लोहं न च वह्निः स्याच्छोरगन्धकसन्निधौ।

म्हणजे शोरा-गंधकाजवळ लोखंड नको, विस्तव नको. यात शोऱ्याला संस्कृतात कसं बसवलं ते पाहा. सौ.ला वाचून दाखवलं. ती ज्वारी निवडत होती. म्हणाली, "छान आहे. पण हमालांनी वाचायचं ना हे?" मी म्हटलं, तुला काव्यातलं कळत नाही. ती म्हणाली, "म्हणूनच विचारलं."

मार्गशीर्ष शु. १५, दत्तजयंती

चांगला दिवस बघून पाटी लावली. सागवानी फळी, पांढऱ्या रंगात देवनागरी, टपोरी अक्षरं. आत गंधकाच्या खोलीत, समोरच्या भिंतीवर, खिडकीच्या चौकटीला लागून. आत येणाऱ्याची पहिली नजर तिथंच जावी म्हणून.

सगळ्या हमालांना उभं करून खड्या आवाजात वाचून दाखवली. निम्म्यांनी हात जोडले. इमामभाई, दुसरा जुना हमाल, टोपी सावरून उभा राहिला. म्हणाला, "आवाज बहोत अच्छा है, शास्त्रीजी." धाकट्यानं हे ऐकायला हवं होतं.

सिद्रामनं विचारलं, "ह्येचा अर्थ काय म्हनायचा?"

मी गमतीत म्हटलं, "अर्थ कळायला बारा वर्षं काशीत बसावं लागतं, सिद्राम. तोवर नमस्कार करत जा."

सगळे हसले. तोही हसला. उद्या सकाळी एकेक नियम साध्या बोलीत सांगायचा, असं ठरवलं आहे.

मार्गशीर्ष व. २

बियाणेवाल्यांची पत्रं. दिवस त्यातच गेला. नियमांचं उद्या.

मार्गशीर्ष व. ४

हमाल शेगडी मागतात. बोटं आखडतात, पोत्याचं तोंड बांधता येत नाही म्हणतात. खोटं नाही, माझी लेखणीही सकाळी नीट धरवत नाही. पण शेगडी आत नाही म्हणजे नाही. तीस पावलांवर, बाभळीखाली शेकोटी करून दिली. पाळीपाळीनं जाऊन शेकून यायचं. घोंगड्या तिथंच ठेवायच्या. स्टेशन मास्तर म्हणतात, कोरड्या हवेत लोकर घासली तरी चटचट ठिणगी उठते. हे मी स्वतः घोंगडी झटकून बघितलं. खरं आहे.

सिद्राम शेकोटीशी हात चोळत म्हणाला, "तुमाला थंडी वाजत न्हाय व्हय? का जानव्यात ऊब आसती?"

म्हटलं, "लिंगात असते तेवढीच."

"मंग लईच हाय," म्हणाला, आणि कुडकुडत उठला.

शेगडी नाकारल्यावर कोणी कुरकुर केली नाही, हे मला आज माझ्या पाटीचं यश वाटतंय.

मार्गशीर्ष व. ७

पाटीला हळदकुंकू.

सकाळी आत गेलो तर चौकटीवर झेंडूचं फूल आणि फळीच्या दोन्ही कोपऱ्यांवर ठळक बोटं. सिद्राम लाजला. म्हणाला, "आमच्या मंडळीनं सांगितलं, येवढं मंत्र लावलंय तर कोरडं ठिऊ न्हाय." त्याची बायको गंगव्वा रोज त्याची भाकरी घेऊन येते.

हसलो. दोन पिढ्या देवीपुढं पाठ म्हटले आमच्या घरानं, पण आमच्या घरातल्या कुणाच्या स्वतःच्या अक्षराला कुंकू लागलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. सौ.ला सांगितलं. ती सूप उचलून आत गेली.

सिद्रामला तो माझा आवडता अर्धा श्लोक पाठ झालाय. पोतं उचलताना म्हणतो. 'वह्निः' म्हणताना विसर्ग असा देतो की पोतं हलतं.

मार्गशीर्ष व. ९

अप्पांची घाई. तेरखेड्याहून माणूस तिसऱ्यांदा आला. माघात जत्रा, त्यांना माल आत्ता हवा. अप्पा म्हणाले, "एक दिवस पोतं बंद ठिवायचं म्हणजे काय ते पोतं बाळंतीण हाय का?" मी वाद घातला नाही, पण आज आलेली पोती उद्याच सोडणार. अप्पा दोन दिवस माझ्याशी बोलायचे नाहीत. चालेल.

दुपारी इमामभाई लोखंडी घणानं गड्डा फोडताना दिसला. धावत जाऊन घण काढून घेतला. "मोगरी नक्को, हात सुन्न होते," म्हणाला. त्याला पाटी दाखवली. त्यानं आधी पाटीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "उसमें हमारे घण का भी लिखे क्या?" म्हणाला. लिहिलंय म्हटलं. त्यानं कानाला हात लावला.

आणखी एक. खिडकीच्या चौकटीवर उदबत्तीची राख. फुंकून टाकली. हे बरं नाही. उद्या सिद्रामला सांगायला हवं, पण असं की त्याला लागू नये. इतक्या भक्तीनं करतो.

मार्गशीर्ष व. १२

सांगायचं राहिलं. अप्पांच्या शेतावरच्या येळवशीची, अमावस्येच्या शेतपूजेच्या जेवणाची, यादी मी करायची: भज्जी, उंडे, आंबील, किती गडी, किती गाड्या. गेली आठ वर्षं मीच करतो.

मार्गशीर्ष अमावस्या, येळवस. सकाळी

गोदाम बंद. सगळे अप्पांच्या शेतावर. पूजेचा कडब्याचा कोप काल उभारून झालाय. सिद्राम मागाहून येतो म्हणाला, कुलूप लावून. आज शेतातल्या प्रत्येक गोष्टीची पूजा, मग त्याच्या पाटीचीही असणार. गाडी दारात उभी आहे. निघतो.

पौष शु. १

काल सकाळनंतर लिहिलं नाही.

आगीचा क्रम असा, इमामभाईकडून कळला तसा. सकाळी सिद्रामनं पाटीपुढं चौकटीवर पणती लावली. सण म्हणून. तेल इमामभाईनं आणून दिलं. वाऱ्यानं विझू नये म्हणून खिडकी लावली, दार ओढून घेतलं, कुलूप घातलं, शेतावर आला. आमच्या पंगतीला बसला नाही. पानावर भज्जी, उंडा, मडक्यात आंबील असं वेगळं काढून घेतलं आणि म्हणाला, "नैवेद्य दावून येतो." कोणाला, ते मी विचारलं नाही. मला ठाऊक होतं. मी कोपात कडब्याला टेकून तिसऱ्यांदा भज्जी घेत होतो, आणि मला ते गोड वाटलं.

आग नेमकी कशी धरली ते सांगायला तेव्हा आत कोणी नव्हतं. चौकटीवर दोन आठवड्यांची गंधकाची पिवळी धूळ होती. मी स्वतः त्यावरची राख फुंकली होती.

सिद्रामनं दार उघडलं तेव्हा ज्वाळा मोठी नव्हती. निळी, जमिनीलगत. पण धूर असा की डोळ्यांत जाळ. पलीकडच्या खोलीत, नुसत्या फळ्यांच्या आडभिंतीपलीकडं, साठ पोती शोरा. तो पळून आला नाही. नाकाला मुंडासं गुंडाळून आडभिंतीलगतची शोऱ्याची पोती एकेक ओढून अंगणात टाकत राहिला. आम्ही धूर बघून पळत आलो तोवर तो शेवटची चार काढत होता. गंधक जळून गेला. शोरा वाचला, गोदाम वाचलं, स्टेशन वाचलं.

पाटीचा अर्धा कोळसा झालाय. आंबिलीचं मडकं दारात जसंच्या तसं.

पौष शु. ३

सिद्रामकडं गेलो. बाहेरून भाजलेला फारसा नाही. हात तेवढे. आतून भाजलाय. प्रत्येक श्वासाला करवत चालल्यासारखा आवाज. डॉक्टर सोलापूरचं नाव काढतात, तितकी वाट त्याला झेपणार नाही हेही तेच सांगतात.

मला बघून उठायला लागला. गंगव्वानं खांद्याला धरून निजवलं.

"शास्त्रीबुवा," म्हणाला, "आता तरी अर्थ सांगा. बारा वर्सं न्हाईत माज्याकडं."

सांगितला. आठही श्लोकांचा, एकेक ओळ, साध्या बोलीत. थंड पोतं लगेच फोडू नये. पोती भिंतीला लावू नये. लोखंड नको. मग त्याच अर्ध्या श्लोकाचा शेवट: विस्तव नको.

तो ऐकत राहिला. मग छताकडं बघत म्हणाला, "येवढंच व्हतं व्हय."

हसायला गेला आणि खोकल्यानं अर्धी घटका कळवळला. गंगव्वानं माझ्याकडं बघितलं नाही. बरं झालं.

मी उठताना म्हणाला, "शोरा का वडला म्हायती हाय का? तेवढं तुमी मराठीत सांगितलं व्हतं. गंधकाजवळ शोरा नगं म्हणून. शेकोटीपाशी."

मला ते सांगितल्याचं आठवतही नाही.

पौष शु. ५

सिद्राम गेला. सकाळी, ऊन अंगणात आलं तेव्हा. दुपारी त्यांच्या रीतीनं बसवून माती दिली. कपाळाला विभूती, हातात लिंग. खड्ड्यात बसलेला माणूस पोतं उचलायच्या तयारीत बसल्यासारखा दिसत होता.

मार्ग. शु. ८ चं पान उघडून वाचलं. 'विशेष आवडला'. शाई चांगली आहे, फिकी होत नाही.

पौष शु. ७

अप्पांनी बैठकीत बोलावलं. दार लावून घेतलं. तालुक्याहून दरोगा चौकशीला येणार आहे. परवाना गेला तर धंदा गेला. अप्पा वाईट माणूस नाही, हे मुद्दाम लिहितो. सिद्रामच्या मातीला खांदा त्यांनी दिला.

म्हणाले, "जबाब तुमीच लिहा. सरळ लिहा. मुकादमानं आत विडी ओढली. मनाई असताना."

मी म्हटलं, "तो विडी ओढत नव्हता."

"आता ओढत न्हाईच," अप्पा म्हणाले. मग स्वतःच खाली बघितलं. "शास्त्रीबुवा, समजून घ्या. देखरेखीला नाव तुमचं हाय. दिवा रोज लागत व्हता नि देखरेखवाल्याला ठावं व्हतं असं निघालं, तर बेडी मला न्हाय पडायची."

उदबत्ती होती, रोज दिवा नव्हता, असं म्हणणार होतो. पण त्यानं काय फरक पडतो.

इमामभाईला विचारलं. तो म्हणाला, "तुम्ही जो लिखींगे, मैं उस पे अंगठा देतूं. तेल मैंच लाया था, शास्त्रीजी. मेरे को क्या पूछते?"

पौष शु. ८

तुळजापुरात आजपासून शाकंभरीचं नवरात्र. सौ. आज गेली. जाताना विचारलं, "तुम्ही येणार की लिहीत बसणार?" म्हटलं, लिहीत. ती म्हणाली, "मग ह्या वेळी मला वाचून दाखवू नका. आधी लिहा."

दुपारी गंगव्वा आली. गोदामाच्या दारात बसली, आत आली नाही. आंबिलीचं मडकं मागितलं. धुऊन ठेवलं होतं, दिलं. मग म्हणाली, "त्येनं जन्मात विडीला हात लावला न्हाय. लिंग गळ्यात असताना मानूस विडी वडतो का, सांगा तुमी."

मी म्हटलं, "न्हाय."

"मंग येवढं लिवा. दुसरं मला काय नगं. मला गावात ह्यो म्हातारा विडीपायी मेला असं ऐकायचं न्हाय."

म्हटलं, बघतो. हाच शब्द मी जकात नाक्याला लिहिलेल्या पत्रांत वापरतो.

ती उठताना म्हणाली, "ती पाटी लई भारी व्हती. तेवढी दुसरी करा."

पौष शु. १०

दोन कागद लिहिले.

पहिला उत्तम उतरला. 'मनाई असतानाही', 'स्वतःच्या निष्काळजीपणानं', 'देखरेखीत कसूर न होता'. वाचताना स्वतःलाच पटत गेलं. माझं हे अक्षर आणि ही भाषा कोणत्याही कचेरीत चालते. तेवीस वर्षांचा हात आहे.

दुसरा लिहिताना अडलो. शब्द सगळे येत होते, पण ओळी वाकड्या जात होत्या. 'पाटी मी लिहिली. कुणाला कळणार नाही अशी लिहिली. अर्थ विचारला तेव्हा मी गंमत केली. उदबत्तीची राख पाहिली आणि बोललो नाही.' चार ओळी. याला गोड कसं करायचं ते मला येत नाही.

दोन्हींवर सही नाही.

पौष शु. ११, संक्रांत

नवा माल आज पहाटे आला. धुकं होतंच. पोती फोडली नाहीत, फळ्यांवर ठेवून दार ओढून घेतलं. उद्या सोडू. अप्पांनीही काही म्हटलं नाही.

नवी पाटी काल लावली. दाराबाहेर. कोळशानं लिहिली, मोठ्या मराठी अक्षरांत: आत दिवा नाही. उदबत्ती नाही. विडी नाही. शेगडी नाही. लोखंड नाही. पोतं उद्या फोडायचं. हमालांना एकेक ओळ तीनदा म्हणायला लावली. इमामभाईनं चौथ्यांदा आपणहून म्हटली.

सकाळी बघतो तर पाटीच्या कोपऱ्यावर ओलं कुंकू. आणि खाली, बाभळीच्या बाजूला, तीस पावलांवर, शेकोटीच्या राखेत एक पणती. विझलेली होती. कोणी लावली ते विचारलं नाही. पावलं मोजून बघितली. बरोबर तीस.

दरोगा आलाय. स्टेशन मास्तरांच्या खोलीत चहा घेतोय. अप्पांनी त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला, मला खिडकीतून दिसलं. आज गोड बोलायचा दिवस.

गंगव्वा बाभळीखाली बसली आहे.

खिशात दोन्ही कागद आहेत. एक उजव्या, एक डाव्या. मघापासून मी दोन्हींवर हात ठेवून बसलोय, थंडीत बसतात तसा.

"शास्त्रीबुवा," अप्पा हाक मारताहेत, "या. कागद घेऊन या."

उठतो.